पाचव्या जागेचं जेवण

१

शनिवारी सकाळची प्रार्थना संपली आणि वाल्देऊर्साच्या मठातले चार म्हातारे रोजच्यासारखे एकामागे एक बैठकीच्या खोलीत आले. खोली चाळीस माणसांसाठी बांधलेली. भिंतीलगतच्या दगडी बाकांवर चाळीस जणांनी झिजवलेले खळगे होते आणि चौघे आपापल्या खळग्यात बसले की उरलेले छत्तीस खळगे त्यांच्याकडे बघत राहत.

मठप्रमुख फादर सातुर्निनो वाचनाच्या उभ्या मेजापाशी गेले. चष्मा लावला. मग काढला, पुसला, पुन्हा लावला.

मेजावर लाल फीत होती. वही नव्हती.

मृतांची वही. सातशे वर्षांत या मठात जो जो मेला त्याचं नाव त्याच्या तारखेखाली लिहिलेली, चर्मपत्राची, काखेत मावेल एवढी. रोज सकाळी त्या तारखेची नावं मोठ्यानं वाचायची, मगच दिवस सुरू करायचा. बर्फ पडो, युद्ध होवो, मठप्रमुखांच्या अंगात ताप असो, वाचन कधी चुकलं नव्हतं.

"आज नऊ फेब्रुवारी," फादर सातुर्निनो म्हणाले. आणि त्यांना पुढे बोलता येईना.

दाराशी उभ्या असलेल्या पाहुण्याला, ब्रदर एलादिओला, पहिल्यांदा वाटलं की म्हातारा रडतोय. तसं नव्हतं. ते नावं आठवून बघत होते. पन्नास वर्षं दर नऊ फेब्रुवारीला कानावर पडलेली नावं, आणि एकही आठवत नव्हतं.

२

ब्रदर एलादिओ आला होता मठ बंद करायला.

त्याचं कामच ते. बावन्न वर्षांचा, किडकिडीत, बोटांना कायम शाई. मातृमठातून त्याला पाठवत. तो जाऊन घंटा, पेले, पुस्तकं, पलंग यांची यादी करी, किल्ली घेई आणि परत येई. सात वर्षांत सहा मठ त्यानं असे मिटवले होते. त्याला कुणी शिव्या देत नसे, कुणी थांबवूनही घेत नसे. त्याचं आडनाव एक्स्पोसितो. अनाथाश्रमाच्या पायरीवर सापडलेल्या पोरांना पूर्वी हेच आडनाव देत. नाव सांगितलं की समोरच्याला सगळं कळे आणि पुढचा प्रश्न कुणी विचारत नसे.

यायचा होता शनिवारी. पण बसवाला म्हणाला, उद्या घाट बंद होईल, म्हणून शुक्रवारीच अकरा वाजता भुरभुरत्या बर्फात दाराशी येऊन उभा राहिला. जेवणाआधी तासाभरात त्यानं बैठकीची खोली उरकली. वही हातात घेतली, पानं मोजली, टिपून ठेवली. तेव्हा ती होती. नंतर त्या खोलीत जायचं कुणाला कारण नव्हतं.

"ब्रदर," फादर सातुर्निनो त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "सोमवारी बस येईल. तोवर सापडली नाही तर?"

"तर मला तसं लिहावं लागेल."

"आणि लिहिलंत की काय होतं, माहीत आहे ना?"

एलादिओला माहीत होतं. चौघांनी एकच मागणं केलं होतं: आम्हाला कुठेही पाठवा, पण एकत्र पाठवा. मातृमठानं मान्य केलं होतं, सगळी वस्तुवार सोपवणी नीट झाली तर. वही नाही म्हणजे चौकशी. चौकशी म्हणजे चौघांना चार दिशांच्या चार मठांत ठेवणार. एकमेकांशी बोलून जबान्या जुळवायला नकोत म्हणून.

"अठ्ठेचाळीस वर्षं क्रिसांतोच्या हातचं खातोय मी," फादर सातुर्निनो म्हणाले. "वाईटच करतो. पण आता दुसऱ्याच्या हातचं गिळवणार नाही."

"फादर, तुम्ही वहीला हात लावलात?"

"नाही."

"कुणी लावला ते माहीत आहे?"

म्हाताऱ्यानं खिडकीबाहेर पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "आणि कळू नये असं वाटतं. हे पाप असेल तर तेही यादीत लिहा."

३

बर्फ शुक्रवारी बाराला थांबला होता. त्यानंतर ऊन पडलं, मग सगळं घट्ट गोठलं. एलादिओ मठाभोवती पूर्ण फेरी मारून आला. पांढऱ्या चादरीवर पावलांची एकच जोडी होती: गावाकडून दारापर्यंत, दारापासून गावाकडे. लाकडी जोड्यांचे ठसे.

"ती निकासियामावशी," दारावरचे ब्रदर बाउदिलिओ म्हणाले. कानांनी अधू, म्हणून सगळ्यांनाच बहिरे समजून ओरडत. "रोज एकला येते! पाव देते, टोपली नेते! गावची भटारीण!"

"कसली टोपली?"

"मेलितोनची!"

ब्रदर मेलितोन वीस दिवसांपूर्वी गेले होते. मठाचा रिवाज जुना: माणूस गेला की भोजनगृहात त्याची जागा तीस दिवस तशीच ठेवायची. जागेवर लहान लाकडी क्रूस, शेजारी त्याचं जेवण, वर पालथा वाडगा झाकलेला. सगळ्यांचं झालं की ते जेवण टोपलीत घालून गावातल्या गरिबाला द्यायचं. जिवंत जेवले की मृतही जेवला.

काल एलादिओनं स्वतः पाहिलं होतं. चार म्हातारे, पाचवी क्रुसाची जागा, सहावा तो. सगळ्यांपुढे काबुली चणे, पालक आणि खारवलेल्या माशाचा एकेक जाड तुकडा. पाचव्या जागेवर झाकलेला वाडगा.

"मेलितोन किती वर्षं होते इथे?"

"तीस वर्षं दारावरच! हे स्टूल त्याचं! माझ्या बुडाला अजून सवय नाही!"

"काल टोपली तुम्हीच दिलीत?"

"मीच! खिडकीतून! जडच होती. मेलितोन थोडंच खायचा, पण मेल्यापासून भूक वाढलीय त्याची!" आणि स्वतःच्याच विनोदावर ते हसले, मग हसता हसता मध्येच थांबून स्टुलाकडे बघत राहिले.

४

दुपारपर्यंत एलादिओनं मठ पिंजला. गवताचं कोठार, घंटेचा जिना, धान्याची पेवं. वही नव्हती.

ग्रंथालयात फादर इल्देफोन्सो शेगडीशी लिहीत बसले होते. मठाचा इतिहास. एकवीस वर्षं चालला होता. ते ताठ, नीटनेटके आणि थोडे आढ्यताखोर होते. सगळ्यांशी असं बोलत की जणू समोरचा तळटीप आहे.

"तुमचा संशय माझ्यावर असणार," ते म्हणाले. "स्वाभाविक आहे. त्या वहीची किंमत जाणणारा इथे मी एकटाच. क्रिसांतोला विचाराल तर तो म्हणेल, चांगलं चामडं आहे, वहाणा होतील."

"वहीच्या मधल्या पानांवरचं अक्षर कुणाचं, फादर?"

लेखणी थांबली. "कुठलं?"

"मी काल पाहिलं. अठराशे पस्तीसपर्यंत सुंदर वळणदार अक्षर. नंतर कितीतरी पानांवर बोजड, मोठं, ओळ सोडून उतरणारं. 'ब्रदर दोमिंगो, बुर्गोस, चांभाराच्या दुकानी मेला.' 'ब्रदर हाकोबो, फ्रान्सच्या वाटेवर, कुठे ते कळलं नाही.' आणि त्या पानांच्या शिवणीत पांढरी पूड. मी नखानं काढून पाहिली. पीठ होतं."

"कुणी अडाणी सेवक असेल."

"अठराशे पस्तीसला सरकारनं सगळ्यांना हाकललं. एकोणीसशे तेवीसला तुम्ही परत आलात. मधली अठ्ठ्याऐंशी वर्षं इथे घुबडं होती. तुमच्या इतिहासात काय लिहिलंय?"

इल्देफोन्सोंनी पान काढून वाचलं, पण आवाज कमी करून. "'हद्दपारीच्या काळात ही वही भिंतीतल्या एका कोनाड्यात, ईश्वरी कृपेने, सुरक्षित राहिली.'"

"भिंतीतल्या वहीत नवी नावं कशी चढतील?"

शेगडीत लाकूड तडकलं. फादर इल्देफोन्सोंनी लेखणीची शाई फडक्याला पुसली.

"पूर्वीच्या मठप्रमुखांनी तसं लिहायला सांगितलं होतं," शेवटी ते म्हणाले. "बायामाणसांच्या हातात पवित्र वही होती, हे शोभलं नसतं म्हणे. मी तेव्हा चाळिशीतला होतो. मला ते वाक्य आवडलं. ईश्वरी कृपा. वाक्य म्हणून चांगलंच आहे की नाही?"

"कुठल्या बायामाणसांच्या?"

"तेवढं मला विचारू नका," फादर इल्देफोन्सो म्हणाले आणि त्यांनी पान उलटं ठेवलं.

५

निकासियामावशीचं घर गावाच्या टोकाला होतं. बेचाळीस घरांतली अकरा उघडी. बाकीच्यांची पोरं बिल्बाओच्या कारखान्यांत. भट्टी मात्र ऊबदार होती. मावशी सत्तरीची, बाह्या कोपरापर्यंत वर, कणीक मळत होती आणि ओठांतल्या ओठांत काही गुणगुणत होती. एलादिओ आत आला तशी गुणगुण थांबली.

"यादीवाले ना तुम्ही?" ती म्हणाली. "बसा. माझी यादी करू नका म्हणजे झालं. मला रिकामी करायला अजून वेळ आहे."

"मावशी, काल टोपली नेलीत?"

"नेली. गावात एकेकाळी वीस भिकारी होते, आता औषधाला एक नाही. मग मी झाले भिकारी. मेलितोनचं जेवण कुणीतरी खायला नको का? चांगला माणूस. तीस वर्षं त्या खिडकीपाशी बोललो आम्ही, रोज पाच मिनिटं. जोडा बघा, मिनिटं कमी नाहीत."

"काल काय होतं जेवायला?"

"चणे. पालक. आणि मासा." कणकेवर मूठ पडली. "मासा छान होता. जरा खारट, पण क्रिसांतोच्या हाताला मीठ जास्तच."

"वही हरवली, हे कळलं का?"

मूठ कणकेत थांबली. "कळलं. गावात बर्फही पडला तर आधी मला कळतं." मग, एलादिओकडे न बघता, "मग आज वाचन झालं नसेल."

"नाही."

"तुम्हाला आईबाप?" तिनं एकदम विचारलं.

"नाहीत. एक्स्पोसितो."

बाकी सगळे इथे गप्प होत. मावशी नाही झाली. "म्हणजे कुणाच्याच यादीत नाही," ती म्हणाली आणि पुन्हा मळायला लागली.

परत जाताना एलादिओ ओल्या बर्फात दोनदा घसरला. मासा खारट होता खरा. त्याला काल रात्री तीनदा पाणी प्यावं लागलं होतं. मावशी खोटं बोलतेय असं त्याला वाटत होतं, आणि तिचं एकही वाक्य खोटं सापडत नव्हतं.

६

रविवारी सकाळी तो स्वयंपाकघरात गेला. शेवटची खोली राहिली होती ती.

ब्रदर क्रिसांतो, गोल, लालबुंद, एका गुडघ्यानं लंगडणारे, भांडी घासत होते. "या, मोजा," ते म्हणाले. "तीन पातेली, एक झारा, एक म्हातारा. म्हाताऱ्याचा तळ जळालेला आहे, तसं लिहा."

"भांडी राहतील तुमच्याकडे. नियम आहे. जी वस्तू रोजच्या वापरात आहे ती वापरणाऱ्याकडेच राहते. मी फक्त पडून असलेलं नेतो."

"अरे वा. मग मलाच न्यावं लागेल तुम्हाला."

एलादिओला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी. कोपऱ्यात पाण्याच्या भांड्यात मंगळवारसाठी मासा भिजत होता. "हा आत्तापासून?"

"मग? लाकूड असतं ते. दोन दिवस भिजतं, तीनदा पाणी बदलायचं, तेव्हा दातांखाली जातं. म्हणून तर सांगतो, माणसानं यायच्या आधी कळवावं. तुम्ही शुक्रवारी अवचित टपकलात, कोरडा मासा वाढला असता तर आत्तापर्यंत विहीर संपवली असतीत..."

क्रिसांतो बोलता बोलता थांबले. हातातलं पातेलं त्यांनी उगाचच पुन्हा घासायला घेतलं.

पाण्याच्या भांड्यात पाच तुकडे होते. शनिवारपासून पाहुणा माणसांत धरला होता, म्हणून मंगळवारसाठी सहा हवे होते. एलादिओनं पुन्हा मोजले. पाच.

"मंगळवारी मी नसेन," तो हळूच म्हणाला. "बरोबर. चार तुमचे. पाचवा मेलितोनचा."

क्रिसांतो पातेलं घासतच राहिले.

"शुक्रवारचा मासा बुधवारी भिजत घातला असणार. बुधवारी माझा पत्ता नव्हता. म्हणजे तेव्हाही पाचच. पण ताटांत मी पाच पाहिले, ब्रदर. तुमचं, फादरांचं, इल्देफोन्सोंचं, बाउदिलिओंचं." पाचव्या बोटानं त्यानं स्वतःकडे दाखवलं. "शुक्रवारी मी कोणाचा मासा खाल्ला?"

७

क्रिसांतोंनी पातेलं पालथं घातलं, हात पुसले आणि लाकडाच्या ओंडक्यावर बसले.

"बोला," ते म्हणाले. "सगळंच बोला. तुम्ही हुशार आहात, मला सोपं जाईल."

"पाचव्या जागेवरचा वाडगा रिकाम्यावर झाकलेला होता," एलादिओ म्हणाला. "टोपलीत मासा नव्हताच. तरी बाउदिलिओंना ती जड लागली आणि मावशीला मासा खारट लागला. तिनं न खाल्लेला मासा. शुक्रवारचा बेत तिला ठाऊक, तुमच्या हाताला मीठ जास्त, एवढ्यावर तिनं ठोकून दिलं. घरातून दुसरं काही बाहेर गेलं नाही, बर्फावर दुसरं पाऊल नाही. मृताच्या टोपलीत कुणी डोकावत नाही, बाउदिलिओही नाहीत. टोपली भरता तुम्ही. आणि वही जाणार कुठे? जिथून एकोणीसशे तेवीसला आली तिथे. पिठाच्या घरी."

"मी चोर नाही हो," क्रिसांतो म्हणाले.

"मग?"

"तिची पणजी, पेत्रोनिला. भटाऱ्याची पोर. सैनिक आले त्या दिवशी त्या वेळच्या मठप्रमुखानं वही तिच्या पावांच्या टोपलीत टाकली आणि म्हणाला, रोज वाच, आम्ही येईपर्यंत. ते आले नाहीत. तीन पिढ्यांच्या बायका म्हाताऱ्या झाल्या वाचता वाचता. बाहेर मेलेल्या संन्याशाची खबर यायची, त्या लिहून घ्यायच्या. तेविसाला निकासियाच्या आईनं वही दारात आणून दिली. तिनं एकच मागितलं, मला दाराशी उभी राहून ऐकू द्या. नाही म्हणाले. बाईमाणूस आत नको."

"आणि मेलितोन?"

"तीस वर्षं तो तिला खिडकीतून उद्याची नावं सांगायचा. एवढंच बोलणं त्यांचं. तो गेला. बाउदिलिओला ऐकू येत नाही, त्याला कोण सांगणार? वीस दिवस ती पाव देऊन तशीच उभी राहायची. खिडकी बंद झाली तरी. मी इथून बघायचो." त्यांनी गुडघा चोळला. "पण चोरायचं माझ्या मनात नव्हतं. शपथेवर सांगतो. तुम्ही आलात म्हणून झालं."

"मी?"

"नियम काय? मृताचा वाटा दाराशी येणाऱ्या सगळ्यात गरिबाला. शुक्रवारी तुम्ही दाराशी उभे होतात. अंगावर बर्फ, हातात याद्या, मागेपुढे कुणी नाही. मी म्हटलं, याच्याहून गरीब आज कोण येणार? दिलं तुम्हाला मेलितोनचं ताट, मासा, चणे, सगळं. मग टोपली उरली रिकामी."

बाहेर छपरावरून बर्फाचा थर घसरून पडला. दोघेही दचकले नाहीत.

"मृताची टोपली रिकामी पाठवायची लाज वाटली हो मला," क्रिसांतो म्हणाले. "एकाचं जेवण नव्हतं. म्हणून मी वहीतले सगळेच पाठवून दिले."

८

दार उघडंच होतं. एलादिओ उंबरठ्यापाशी थांबला.

वही भट्टीशेजारच्या मेजावर होती, स्वच्छ पंच्यावर. मावशी चष्म्यातून बोट फिरवत वाचत होती. एकेक नाव वाचायची, मग तेच गाण्यात म्हणायची, कणीक मळायच्या ठेक्यावर. हे गाणं तिच्या पणजीनं बांधलं होतं, अक्षर विसरलं तरी नाव विसरू नये म्हणून.

दहा फेब्रुवारी, वाऱ्याचा मार,
तोरिबिओ बाबा, उघडा दार.
दहा फेब्रुवारी, नदीला पूर,
आंसेल्मो बाबा, किती हो दूर.

नावं संपली. तिनं मान वर केली, पण ती घाबरली नाही.

"पूर्वी सगळं तोंडपाठ होतं," ती म्हणाली. "आता गळतं. ऑक्टोबरातली अकरा माणसं माझ्याकडून हरवली. मी वीस दिवस रडले त्यांच्यासाठी, म्हणजे बघा. कुठले कोण, कधी पाहिले नाहीत. पण आपल्याकडे सोपवलेलं माणूस हरवलं की कसं वाटतं?"

"मला कुणी सोपवलेलं नाही कधी," एलादिओ म्हणाला.

"कुठे नेणार हिला?"

"मातृमठात. काचेच्या कपाटात. थंडी लागू नये, वाळवी लागू नये असं कपाट आहे."

"आणि वाचेल कोण?"

सहा मठांच्या सहा वह्या त्या कपाटात होत्या. एलादिओनं स्वतःच्या हातानं ठेवलेल्या. एकही उघडलेली त्यानं पाहिली नव्हती.

मावशीनं वही मिटली, पंच्यात गुंडाळली आणि त्याच्यापुढे सरकवली. "घ्या. क्रिसांतोचं नाव लिहू नका. मी चोरली म्हणून लिहा. मला कुणापासून वेगळं करणार? मी आधीच वेगळी आहे."

एलादिओनं गाठोडं उचललं. त्याला भट्टीची ऊब होती. मग त्यानं यादी काढली, शाईची दौत काढली आणि मेजावरचं पीठ बाहीनं बाजूला सारून लिहायला बसला. मावशी उभी राहून बघत होती. पूर्ण पान झालं तेव्हा त्यानं ते वाळवलं, घडी केली आणि गाठोडं होतं तिथे, भट्टीशेजारी, पुन्हा ठेवून दिलं.

९

सोमवारी सकाळी फादर सातुर्निनोंनी यादी वाचली. ओळीमागून ओळ, सही करण्याआधी, चष्मा नाकावर. बाकीचे तिघे बाकावर. एके ठिकाणी बोट थांबलं.

"'मृतांची वही. चर्मपत्र. एक. रोजच्या वापरात. वापरणाऱ्याकडे ठेवली.'" त्यांनी वर पाहिलं. "कोणाच्या वापरात, ब्रदर?"

"जी रोज वाचते तिच्या. तशा वस्तू हलवायच्या नाहीत, फादर. नियम माझा नाही, मातृमठाचा आहे."

"ते विचारतील."

"विचारतील. मी उत्तर देईन. सोपवणी मात्र पूर्ण आहे. एकही वस्तू कमी नाही. तुम्हा चौघांना एकत्र पाठवायला आता कुणाची हरकत राहू नये."

फादर सातुर्निनोंनी सही केली. त्यासाठी त्यांनी दोनदा टाक बुडवला.

"काय झालं?" बाउदिलिओ ओरडले. "सापडली का?"

"हरवलीच नव्हती!" क्रिसांतो त्यांच्या कानाशी ओरडले आणि बाहीनं डोळे पुसले. "कांदा," ते म्हणाले. स्वयंपाकघर तिथून चाळीस पावलं दूर होतं.

फादर इल्देफोन्सो घसा साफ करत म्हणाले, "मला एकशे बारावं पान बदलावं लागेल. ईश्वरी कृपेच्या जागी पेत्रोनिला लिहायचं म्हणजे..." थोडं थांबले. "वाक्याचा ठेका बिघडत नाही फारसा."

बस गावाच्या पाणवठ्यापाशी थांबे. एलादिओ पोचला तेव्हा मावशी लाकडी जोडे घालून उभी होती. तिनं त्याला पाव दिला, कपड्यात बांधलेला, गरम.

"नाव नीट सांगा," ती म्हणाली. "परवा घाईत ऐकलं मी."

"एलादिओ. एलादिओ एक्स्पोसितो. कशाला?"

"तुम्ही मेलितोनच्या जागेवरचं जेवलात ना? मग तुम्ही या घरचेच. जागा ठेवते. तारीख?"

"मावशी, मी अजून जिवंत आहे."

"दिसतंय मला. नंतर कोण कळवेल मला तारीख? आहे कुणी?"

बसवाल्यानं भोंगा वाजवला. एलादिओनं खूप विचार केला, खरंच खूप केला, आणि नकारार्थी मान हलवली.

"असं करा मग," मावशी म्हणाली. "दर मेणबत्त्यांच्या सणाला एक कार्ड टाका. काही लिहू नका, नाव लिहा नुसतं. ज्या वर्षी कार्ड येणार नाही त्या वर्षी मी समजेन. तारीख दोन फेब्रुवारी धरेन, चुकली तर वर गेल्यावर भांडा. मी नसले तर माझी भाची आहे, तिला गाणं शिकवतेय."

"आणि गाण्यात मला कुठे बसवणार?"

"बसलात की. कालच बांधलं." ती लाजल्यासारखी हसली. "ऐकवणार नाही. ते तुम्ही ऐकायचं नसतं."

घाटातून बस उतरायला लागली. एलादिओनं पाव मोडला, अर्धा खाल्ला आणि उरलेला अर्धा, कुणासाठी ते न ठरवता, कपड्यात बांधून शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवला. खाली पहिल्या मोठ्या गावात बस दहा मिनिटं थांबणार होती. तिथे पोस्ट होतं. फेब्रुवारीची दोन तारीख यायला अजून वर्ष होतं, पण कार्ड आजच घेऊन ठेवलेलं बरं, असं त्याला वाटलं.